सुमित्रा भावे : ऐकून घेणाऱ्या दिग्दर्शिका

भारतीय चित्रपटाचा जन्म झाला तेव्हा त्यात काम करावयास एकही स्त्री पुढे येत नव्हती. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटातून दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी ती कोंडी फोडली. पुढे अवघ्या तेरा वर्षांनी, १९२६ साली, फातमा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. आरंभ इतका लवकर झाला, तरी ती वाट पुढे दीर्घकाळ जवळजवळ ओसच राहिली. कॅमेऱ्यासमोर स्त्रियांची गर्दी झाली. कॅमेऱ्याच्या मागे मात्र एखाददुसरीच दिसे.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट पुन्हा रुळविणाऱ्यांत सई परांजपे व विजया मेहता ही दोन नावे आदराने घेतली जातात. दोघीही रंगभूमीवरून चित्रपटाकडे आल्या. नाट्य, अभिनय, संवाद या कलांचे संस्कार त्यांच्यापाशी आधीच होते. प्रस्तुत लेखात आम्ही ज्यांच्या जीवनकार्याचा परामर्श घेणार आहोत, त्या सुमित्रा भावे मात्र निराळ्याच दारातून आल्या. त्या नटी नव्हत्या, नाटककार नव्हत्या, चित्रपटाचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतलेले नव्हते. त्या समाजकार्याच्या अध्यापिका व संशोधक होत्या. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा पहिला लघुपट पडद्यावर आला, आणि त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी जे काम केले त्यास मराठी चित्रपटाच्या इतिहासात तोड नाही.

असे का घडले? एक प्रौढ, स्थिरस्थावर झालेली अध्यापिका आपले क्षेत्र ओलांडून एका खर्चिक, अनिश्चित व अनोळखी माध्यमाकडे का वळते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस असे दिसते की, त्यांच्या साऱ्या कलेचे मूळ एका साध्या कृतीत आहे. ती कृती म्हणजे दुसऱ्याचे ऐकून घेणे.

अध्यापनाची वर्षे

सुमित्राबाईंचा जन्म १२ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव उमराणी. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुणे विद्यापीठातून राज्यशास्त्र व समाजशास्त्र या विषयांचा अभ्यास करून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याचे शिक्षण घेतले. काही काळ त्यांनी दिल्लीस आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचल्या. पुढे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी सुमारे दहा वर्षे अध्यापन केले. समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्गापेक्षा वस्तीतच अधिक शिकावे लागते. शिकविणाऱ्यालाही ते चुकत नाही.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील व पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे मुंबई-पुण्याच्या झोपडपट्ट्यांत आणून सोडली होती. १९७४ साली भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीचा समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची स्थिती आपण समजत होतो तितकी सुधारलेली नाही, हे सत्य सरकारी कागदावर आले. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळण्यात आले. पुढे मथुरा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभर संतापाची लाट उसळली. १९८२ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' पडद्यावर आला. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' हे नाटक गावोगाव होऊ लागले. स्त्रियांविषयी पुष्कळ बोलले जाऊ लागले होते. परंतु स्त्रिया स्वतः काय बोलतात, विशेषतः जिला अक्षरओळखही नाही आणि जी रोज पहाटे पाण्याच्या रांगेत उभी राहते ती काय बोलते, हे ऐकावयाचे कोणी, हा प्रश्न उरलाच होता.

स्त्रीवाणी

या ठिकाणी सुमित्राबाईंच्या जीवनकथेचा एक धागा आपल्या घराजवळ येतो. पुण्यात दिव्य शब्द संघाच्या धर्मगुरूंचे ईशवाणी केंद्र आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी या केंद्राच्या आश्रयाने 'स्त्रीवाणी' हा उपक्रम उभा राहिला. ज्या स्त्रियांचा आवाज कोणाच्या कानी पडत नाही, त्यांचा आवाज ऐकावा व इतरांपर्यंत पोचवावा, हा त्यामागील हेतू होता. ईशवाणी म्हणजे देवाचा शब्द. त्या शब्दाच्या नावाने बांधलेल्या घरात स्त्रीच्या शब्दाला जागा मिळाली, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. 'स्त्रीवाणी'च्या संशोधनकार्याची धुरा सुमित्राबाईंनी सांभाळली. आपल्या समाजातील किती वाचकांना हे ठाऊक असेल, याविषयी आम्हांस शंका आहे.

त्या काळातील त्यांच्या कामाचे एक फलित ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. आठ दलित स्त्रियांनी आपल्या तोंडाने सांगितलेल्या जीवनकहाण्या सुमित्राबाईंनी संकलित केल्या. गौरी देशपांडे यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आणि येशूसंघीयांनी स्थापिलेल्या दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटने १९८८ साली ते 'पॅन ऑन फायर' या नावाने प्रसिद्ध केले. विस्तवावरचा तवा, असा त्या नावाचा अर्थ. या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की, त्यात संशोधक मागे उभा आहे आणि बाई पुढे उभी आहे. तिने सांगावे आणि दुसऱ्याने टिपून घ्यावे, ही त्याची रचना आहे.

पण येथेच एक अडचण होती, आणि तिनेच सुमित्राबाईंच्या आयुष्याला वळण दिले. संशोधनाचे निष्कर्ष अहवालात जातात. अहवाल ग्रंथालयात जातो. तो विद्वान वाचतात व त्यावर दुसरे विद्वान लिहितात. ज्या बाईने आपले दुःख उघडे करून सांगितले, तिच्यापर्यंत मात्र तो कधीच परत जात नाही, कारण तिला वाचता येत नाही. ही खंत सुमित्राबाईंनी आपल्या मुलाखतींतून मांडलेली आहे. ज्याच्याकडून घेतले त्याला परत दिले पाहिजे, हा प्रामाणिक व्यवहाराचा नियम आहे. शब्दांच्या व्यवहारालाही तो लागू आहे असे त्यांना वाटले. निरक्षर स्त्रीला जे वाचता येईल असे माध्यम कोणते? चित्र. हलणारे, बोलणारे चित्र. या विचारातून त्या चित्रपटाकडे वळल्या.

'बाई' : पहिले पाऊल

'बाई' हा लघुपट १९८५ साली तयार झाला. झोपडपट्टीत राहणाऱ्या एका स्त्रीच्या आयुष्याची ती कहाणी. या लघुपटास कुटुंबकल्याण या विषयावरील सर्वोत्कृष्ट लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. चित्रपटाचे व्याकरण न शिकलेल्या व्यक्तीच्या पहिल्याच प्रयत्नाला असा सन्मान मिळावा, ही साधी गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी मराठी चित्रपटसृष्टीत काय चालले होते? 'धूमधडाका'सारख्या विनोदी चित्रपटांचे युग नुकतेच सुरू झाले होते. चित्रपटगृहे हास्याने दणाणत होती. त्या हास्याविषयी आमची तक्रार नाही. दमलेल्या माणसाला हसण्याचा अधिकार आहे. परंतु त्या गर्दीत 'बाई'सारख्या चित्राला चित्रपटगृह मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अशा चित्रांचा प्रेक्षक वस्तीतील मंडळाच्या कार्यालयात, महाविद्यालयाच्या सभागृहात, समाजसेवी संस्थांच्या शिबिरांत भेटणारा. 'बाई'नंतर १९८७ साली 'पाणी' आला. खेड्यातील स्त्रियांची पाण्यासाठी चाललेली धडपड हा त्याचा विषय. पुढे १९९२ च्या सुमारास आलेल्या 'चाकोरी'मध्ये नवऱ्याने टाकलेली एक तरुणी सायकल शिकते. कथा एवढीच. पण ज्यांनी खेड्यात टाकलेल्या मुलीचे जिणे पाहिले आहे, त्यांना सायकलच्या त्या दोन चाकांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

याच वाटचालीत त्यांना सुनील सुकथनकर हे सहकारी लाभले. वयाने बरेच तरुण, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाचे रीतसर शिक्षण घेतलेले. एकीकडे जीवनाचा अनुभव, दुसरीकडे माध्यमाचे ज्ञान, असा हा योग जुळून आला. पुढील जवळजवळ सर्व चित्रपट या दोघांच्या नावाने आहेत. कथा, पटकथा व संवाद बहुधा सुमित्राबाईंचे, गीते सुनील सुकथनकरांची, आणि दिग्दर्शन दोघांचे. कलादिग्दर्शन व वेशभूषा यांकडेही सुमित्राबाई पुष्कळदा स्वतः लक्ष देत. लहान मोठे मिळून साठाहून अधिक चित्रपट या जोडीने केले. त्यांत अनेक लघुपट आरोग्य, शिक्षण व व्यसनमुक्ती अशा विषयांवरील आहेत.

'दोघी' : ज्या हाताने घेतले

१९९५ साली त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट 'दोघी' तयार झाला. रेणुका दफ्तरदार व सोनाली कुलकर्णी या दोन बहिणींच्या भूमिकेत आणि उत्तरा बावकर आईच्या भूमिकेत आहेत.

कथा अशी. खेड्यातील एका घरी थोरल्या मुलीचे, गौरीचे, लग्न ठरते. लग्नाच्या दिवशीच वराकडील मंडळींना अपघात होतो व नवरा मुलगा मरण पावतो. गाव लगेच न्याय देऊन मोकळे होते : मुलगी पांढऱ्या पायाची. बाप खचून अंथरुणास खिळतो. घरात अन्नाची ददात पडते. अशा वेळी मामा गौरीला मुंबईस नेतो. तेथे तिला कोणत्या व्यवसायात ढकलले जाते हे घरातील मोठ्यांना कळते. पण तिच्याकडून येणारा पैसा घेतला जातो. त्याच पैशावर घर पुन्हा उभे राहते. धाकटीचे, कृष्णाचे, लग्न ठरते. त्या लग्नासाठी गौरी घरी येते, तेव्हा तिच्या पैशाला घरात जागा असते, पण तिला स्वतःला मांडवात जागा नसते. आई तिला दूर ठेवते.

हा चित्रपट आईला राक्षसीण ठरवीत नाही, यातच त्याचे मोठेपण आहे. उत्तरा बावकरांची आई पोटच्या मुलीवर प्रेम करते आणि तरीही तिला दूर लोटते. ती स्वतः भयाने बांधलेली आहे. गावाचे भय, अब्रूचे भय, दुसऱ्या मुलीचे लग्न मोडेल हे भय. पाप करणारा मामा मोकळा हिंडतो, पाप सोसणारी मुलगी कोपऱ्यात बसते, आणि दोहोंमध्ये आई उभी असते. या व्यवस्थेला प्रश्न विचारते ती धाकटी बहीण.

'दोघी'ला सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उत्तरा बावकर यांच्या अभिनयाची परीक्षकांनी खास दखल घेतली आणि यातील गीतासाठी अंजली मराठे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पण पुरस्कारांपेक्षा आम्हांस त्यातील मांडवाचे दृश्य महत्त्वाचे वाटते. धर्मगुरू या नात्याने आम्ही कित्येक घरांचे उंबरठे ओलांडले आहेत. ज्या मुलीच्या परदेशातील कष्टाच्या पैशावर घराचे सिमेंट उभे राहिले, त्याच मुलीच्या आयुष्याविषयी चार प्रतिकूल शब्द कानी येताच तिला समारंभाच्या छायाचित्रातून वगळणारी घरे आपल्याही समाजात आहेत. हात घ्यायचा, पण चेहरा नाकारायचा, ही रीत एका धर्माची वा एका जातीची नाही.

वाडा, वर्ग आणि वीजबिल

यानंतरच्या काळात या जोडीने विषयांचे क्षेत्र रुंदावले. २००२ साली आलेल्या 'दहावी फ'मध्ये अतुल कुलकर्णी शिक्षकाच्या भूमिकेत आहेत. शाळेतील 'फ' तुकडी म्हणजे ज्यांच्यावर शाळेनेच पाणी सोडले आहे अशा मुलांची तुकडी. अपमानाने पेटलेली ही मुले शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. शिक्षा म्हणून त्यांना शाळेतून काढून टाकणे सोपे होते. शिक्षक वेगळा मार्ग सुचवितो : मोडले ते स्वतः कष्ट करून भरून द्या. शिक्षेऐवजी भरपाई, आणि भरपाईतून आत्मसन्मान. शाळा चालविणाऱ्या आपल्या संस्थांनी हा चित्रपट आपल्या शिक्षकवर्गास अवश्य दाखवावा.

त्याच वर्षीच्या 'वास्तुपुरुष'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कूळकायद्यानंतर जमीन गेलेले एक देशपांडे घराणे, पडझड झालेला वाडा, आणि त्या वाड्यात पुरलेले धन सापडेल या आशेवर जगणारे पुरुष. त्या घरात आई तेवढी ओळखून असते की, धन जमिनीखाली नाही, मुलाच्या शिक्षणात आहे. ती हट्टाने त्याला डॉक्टर करते. भूतकाळ खणत बसणाऱ्यांच्या घरात भविष्य पेरणारी ही आई पुन्हा उत्तरा बावकर यांनीच साकारली आहे. 'दोघी'तील भयभीत आई आणि 'वास्तुपुरुष'मधील खंबीर आई एकाच लेखणीतून उतरल्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे लेखिकेची समज किती व्यापक होती ते कळते.

'एक कप च्या' (२००९) मध्ये किशोर कदम कोकणातील एस. टी. कंडक्टर झाले आहेत. त्यांच्या गरीब घरी त्र्याहत्तर हजार रुपयांचे वीजबिल येते. कार्यालयात कोणी दाद देत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचा आधार घेऊन हा साधा माणूस झगडतो. कायदा पुस्तकात असणे आणि तो सामान्य माणसाच्या हातात येणे यांतील अंतर किती असते, याची ही हसत हसत सांगितलेली गोष्ट आहे.

मनाचे आजार

सुमित्राबाईंच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही मनाच्या आजारांवरील चित्रपटांकडे बोट दाखवू. आपल्या चित्रपटांत वेडा माणूस बहुधा दोनच कामांसाठी आणला जातो : हसविण्यासाठी किंवा भिवविण्यासाठी. सुमित्राबाईंनी त्याला माणूस म्हणून आणले.

'देवराई' (२००४) मध्ये शेष नावाचा कोकणातील तरुण आहे. भूमिका अतुल कुलकर्णींची. त्याला छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा आजार आहे. गावाजवळची देवराई, जिच्यावर देवाच्या धाकाने कोणी कुऱ्हाड चालवीत नाही ते राखीव रान, हे त्याच्या मनाचे आश्रयस्थान. त्याची बहीण, म्हणजे सोनाली कुलकर्णी, त्याला शहरात उपचारासाठी आणते. आजाऱ्याबरोबर आजाऱ्याला सांभाळणाराही किती झिजतो, हे येथे दिसते. या चित्रपटाला पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'नितळ' (२००६) आला. अंगावर कोड असलेली एक बुद्धिमान डॉक्टर आणि तिच्याकडे पाहणाऱ्या सुशिक्षितांच्या नजरा, असा त्याचा विषय आहे. कोड हा मनाचा आजार नव्हे. पण पाहणाऱ्याच्या मनाचा आजार त्यातून उघडा पडतो. देविका दफ्तरदार यांनी ती भूमिका केली आहे.

'अस्तु' (२०१३) ही आमच्या मते सुमित्राबाईंची सर्वांत परिपक्व कृती. डॉ. मोहन आगाशे येथे संस्कृतचे प्रकांड पंडित चक्रपाणी शास्त्री आहेत. विस्मृतीच्या आजाराने त्यांची विद्या, त्यांची नाती, त्यांचे नाव, सारे एकेक करून गळून चालले आहे. एके दिवशी मुलगी त्यांना मोटारीत बसवून थोड्या वेळासाठी जाते. तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो. लहान मुलासारखे ते उतरून त्याच्या मागे चालू लागतात व हरवतात. मुलगी शहरभर शोधत फिरते आणि ते माहुताच्या बिऱ्हाडी पोचलेले असतात. माहुताची बायको चन्नम्मा, जिची भाषाही वेगळी, त्यांना जेवू घालते, निजविते. हा कोण, याची विद्या किती, हे तिला ठाऊक नाही आणि ते जाणून घेण्याची तिला गरजही नाही. विद्वानाला त्या अडाणी स्त्रीत आई दिसते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा, तर सुमित्राबाईंना संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'अस्तु' या शब्दाचा अर्थ 'असो, तसे होवो'. आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी जो 'आमेन' म्हणतो त्याचाही भाव हाच. स्मृती गेल्यावर माणसाचे काय उरते? त्याचे 'मी'पण गेले तर आपण त्याच्याशी कोणत्या नात्याने वागावयाचे? आज आपल्या धर्मग्रामांतून वृद्ध आईवडील एकाकी होत आहेत आणि मुले दूरदेशी आहेत. अशा वेळी या प्रश्नाला सामोरे गेल्यावाचून कोणाचीच सुटका नाही. चित्रपट मुलीला दोष देत नाही. ती थकलेली आहे, तिचे प्रेमही खरे आहे. तो एवढेच दाखवितो की, ज्याला आता काहीच आठवत नाही, त्यालाही मायेची ओळख पटते.

'कासव' (२०१६) या चित्रपटाने सुमित्राबाई व सुनील सुकथनकर यांना सुवर्णकमळ मिळवून दिले. सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा हा राष्ट्रीय बहुमान 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' व 'कोर्ट' यांच्यानंतर मराठीकडे पाचव्यांदा आला. नैराश्याने ग्रासलेला, जीव देऊ पाहणारा एक तरुण (आलोक राजवाडे) रस्त्यात पडलेला असताना जानकीला (इरावती हर्षे) सापडतो. ती स्वतः त्या अंधारातून गेलेली आहे. ती त्याला कोकणच्या किनाऱ्यावर घेऊन जाते. तेथे दत्ताभाऊ (मोहन आगाशे) समुद्रकासवांच्या संरक्षणाचे काम करीत आहेत. कासवाची मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. पिले बाहेर पडली की त्यांना समुद्रापर्यंतची वाट स्वतःच चालावी लागते. माणसाने एवढेच करावयाचे की, कुत्री, कोल्ही व चोर यांपासून त्यांना जपावयाचे. उचलून समुद्रात टाकावयाचे नाही.

जानकी त्या मुलाशी तसेच वागते. 'तू कोण, कोणाचा, असे का केलेस' असे ती विचारीत नाही. उपदेश करीत नाही. अन्न देते, जागा देते आणि थांबते. उपदेश हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे अशा आम्हां मंडळींना या थांबण्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या घरात तरुण मुलाने आत्महत्या केली आहे, त्या घरी 'आम्ही त्याला किती समजावले' हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. 'आम्ही त्याचे किती ऐकले' हे वाक्य क्वचितच कानी आले.

काही आक्षेप

कोणाही कलावंताचे मूल्यमापन करताना आक्षेपांचीही दखल घ्यावी लागते. सुमित्राबाईंच्या चित्रपटांत संवाद अधिक आहेत, पात्रे आपला विचार बोलून दाखवितात, विषय कधी कधी कथेच्या पुढे चालतो, असे काही जाणकार म्हणतात. विशेषतः आरंभीच्या चित्रपटांविषयी हे म्हणणे पूर्णपणे खोडून काढता येणार नाही. ज्याची सुरुवात वस्तीतल्या प्रेक्षकासाठी झाली, त्या चित्रपटात सांगण्याची घाई असणे स्वाभाविकही आहे. परंतु 'अस्तु' व 'कासव' या उत्तरकाळातील चित्रपटांत ती घाई निवळलेली दिसते. तेथे शांततेला जागा आहे.

दुसरी गोष्ट वितरणाची. या चित्रपटांना महोत्सवांत मान मिळाला, पण चित्रपटगृहांत ते मोजकेच दिवस टिकले. २०१३ साली तयार झालेल्या 'अस्तु'ला महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत यावयास २०१६ साल उजाडले. 'संहिता' (२०१३) या चित्रपटाला संगीत व गायन यांचे राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही तो किती प्रेक्षकांपर्यंत पोचला? ज्या खंतीतून सुमित्राबाई अहवाल सोडून चित्रपटाकडे आल्या, तीच खंत नव्या रूपाने त्यांच्यापुढे उभी राहिली. ज्यांच्यासाठी बनविले, त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तरीही त्या थांबल्या नाहीत. लहान अंदाजपत्रक, 'विचित्र निर्मिती' ही स्वतःची संस्था, पुन्हा पुन्हा बरोबर येणारे तेच विश्वासू कलावंत, आणि गावोगाव दाखवून चर्चा घडवून आणण्याची जुनी समाजकार्याची सवय, एवढ्या भांडवलावर त्यांनी काम चालू ठेवले. पडद्यावरचा चित्रपट संपला की प्रेक्षकांचे ऐकावयास त्या पुन्हा बसत.

'दिठी' : शेवटची भेट

'वेलकम होम' (२०१९) मध्ये त्यांनी विचारले की, लग्न झालेल्या सुशिक्षित, मिळवत्या स्त्रीचे स्वतःचे घर कोणते : माहेर, सासर की आणखी काही? आणि त्यानंतर 'दिठी'. दि. बा. मोकाशी यांच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवर तो आधारलेला आहे. रामजी लोहार हा अनेक वर्षे पंढरीची वारी करणारा वारकरी. त्याचा तरुण मुलगा पुराच्या पाण्यात जातो. आयुष्यभर ज्या विठ्ठलाचे नाव घेतले त्याच्याविषयीच रामजीचे मन कडवट होते. ग्रंथ, कीर्तन, शेजाऱ्यांचे सांत्वन, कशानेही त्याचे दुःख हलत नाही. अशातच पावसाच्या रात्री एका घरची गाय अडते. रामजीच्या हाताला गाय सोडविण्याची कला आहे. त्याला बोलावणे येते. तो जातो, आणि त्याच्या हातून वासरू या जगात येते. किशोर कदम यांनी ही भूमिका केली आहे.

दुःखितांना धीर देण्याचे काम ज्यांच्याकडे असते, त्यांना हा चित्रपट अंतर्मुख करतो. रामजीला कोणी उत्तर देत नाही, कारण त्याच्या प्रश्नाला शब्दांत उत्तर नाही. त्याला फक्त कोणी तरी गरजेने हाक मारते. त्या हाकेला ओ देता देता त्याची दृष्टी, दिठी, पालटते.

१९ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या दिवसांत, सुमित्रा भावे यांचे पुण्यात वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी निधन झाले. 'दिठी' तेव्हा सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोचलेला नव्हता. २१ मे २०२१ रोजी तो घरोघरी दूरचित्रवाणी संचांवर व भ्रमणध्वनींवर उपलब्ध झाला. ज्या महिन्यांत कित्येकांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही घडले नव्हते, त्याच महिन्यांत रामजी लोहाराचे दुःख लोकांच्या घरी आले.

इतिहास लिहिणारे सुमित्रा भावे यांना किती पुरस्कार मिळाले ते लिहितील, आणि ते लिहिलेच पाहिजे. आमच्या दृष्टीने त्यांचे स्थान आणखी एका कारणासाठी अढळ आहे. आपल्या देशात गरिबांविषयी, स्त्रियांविषयी, आजाऱ्यांविषयी बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. सरकार बोलते, विद्वान बोलतात, आम्ही धर्मगुरूही व्यासपीठावरून बोलतो. सुमित्राबाई आधी ऐकत, मग ऐकलेले ज्याचे त्याला परत नेऊन देत, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत की, हे तुझेच आहे ना? वस्तीतल्या त्या पहिल्या 'बाई'पासून रामजी लोहारापर्यंत त्यांनी हा एकच व्यवहार सचोटीने केला.

आमची वाचकांस विनंती आहे. आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात, महिला मंडळात, युवक संघटनेत वर्षातून एकदा तरी यांपैकी एखादा चित्रपट दाखविण्याची योजना करावी. चित्रपट संपल्यावर दिवे लावावेत आणि भाषण ठेवू नये. बसलेल्यांपैकी जी बाई कधीच बोलत नाही, ती बोलेपर्यंत थांबावे.